खाली ठेवलेला पेला

हसू नका, पण मी एकदा डिझेलचं पाणी जाणूनबुजून प्यायलोय. तेही विहिरी तपासायला गेलेला सरकारी माणूस असून!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नालवाडीकडं एक डिझेलपंप बंद झाला होता आणि वर्षभरापूर्वी त्याची जमिनीतली टाकी उकरून नेली होती. टाकी गळकी निघाल्याचं उशिरा कळलं, तेव्हा आजूबाजूच्या विहिरी बघायला मला धाडलं. पहिलंच घर कवडूजींचं. भिंतीवर बुद्धाचा फोटो होता. मी नमुन्याची बाटली काढायच्या आतच त्यांच्या बायकोनं पाण्याचा पेला पुढं केला. तोंडाशी नेला आणि वास आला. डिझेल! मी पेला खाली ठेवला.

मग कवडूजी हळूच म्हणाले, "राहू द्या साहेब. आमच्या घरचं चालत नसन तुमाले."

"तसं नाही हो, काकाजी!" म्हणत मी तो पेला घटाघटा रिकामा केला. मळमळ दाबत म्हटलं, "या पाण्यात डिझेल उतरलंय. आजपासून कोणी पिऊ नका. तुम्हाला वास नाही आला?"

"रोज पेणाऱ्याले काय समजते?" ते म्हणाले. मग बायकोकडं बघून तेच पुढं सांगू लागले,

"टाकी काढली तवाबी एक साहेब आल्ते. त्यायनं असाच पेला खाली ठेवला अन् काई न बोलता निंगून गेले. आमी वर्षभर त्यायले शिव्या देल्या, अन् हेच पाणी पेत राह्यलो."