आमच्या दिवाणखान्यातली लाकडी भिंत

लाकडी भिंतींचं कौतुक मला नका सांगू! स्वातंत्र्यानंतर दोन-चार वर्षांनी आम्ही पनवेलला घर बांधलं, तेव्हा दिवाणखान्याची एक भिंत मी स्वतः लाकडी केली होती. लाकूड नाही हं, नुसता रंग! पिवळ्यावर तपकिरी तेलरंग फासायचा आणि तो ओला असतानाच जुन्या फणीनं रेषा ओढायच्या. लाकडातल्या गाठी मी अंगठ्यानं उमटवल्या.

आमच्या धाकट्या दिरांची लाकडाची वखार होती. ते बघून हसले. “वहिनी, रंग झकास आहे, पण लाकूड म्हणून कुणाला पटायचं नाही.” तेही चारचौघांत!

पावसाळा संपल्यावर तेच भाऊजी एकदा चहाला आले आणि भिंतीपाशी ओरडलेच, “अहो वहिनी, वाळवी लागलीय इथे!”

खरंच, जमिनीपासून वर मातीची रेघ चढली होती. आमचे हे घासलेट आणायला धावले. मी मात्र भाऊजींच्या हातावर साखर ठेवली.

“वाळवी लागली आणि साखर कसली वाटताय?”

म्हटलं, “तुम्हाला नाही पटलं, पण वाळवीला पटलं ना! आणि लाकडातलं तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.”