पंपावरची खपली

बंकट : जीपच्या ह्या जुन्या पेट्रोलच्या पंपावर काय जमलंय रं हे? पाना बसंना.

सटवा : धूळ असंल, मिस्त्री. रस्त्यानं काय कमी हाय का?

बंकट : चाळीस वरसं झाली इंजिनं खोलतोय. धुळीची खपली अशी पिवळी पडत न्हाई. जाऊ दे. तू आनलेला तो विजेवरचा पंप दाव.

सटवा : ह्यो घ्या. बीडहून आनला, भंगारातून. नव्या गाडीचा हाय. लई जोराचा हाय म्हनला.

बंकट : जोराचा हाय म्हनूनच बाजूला ठेव.

सटवा : कावून?

बंकट : नव्या गाडीत पेट्रोल फवाऱ्यानं मारत्यात, तिथं जोर लागतो. तुझ्या दुधाच्या जीपला हाय कार्बोरेटर. त्यात एक तरंगती वाटी अन् एवढीशी सुई. पेट्रोल भरलं की वाटी वर येती, सुई भोक बुजवती. तुझा हा पहिलवान ती सुई ढकलून देईल अन् पेट्रोल सांडंल तापल्या इंजिनावर. दुधाच्या क्यानींसकट पेटशील बे.

सटवा : मग आता? सकाळी सात गावचं दूध गोळा करायचंय मला.

बंकट : तोंड पाडू नको. माझ्याकडं एक हाय, कमी जोराचा. जुन्या मोटारीचा काढून ठेवलेला. जा गाडीखाली, टाकीशेजारच्या लोखंडी पट्टीला दोन भोकं पाड, पंप बसवायला.

सटवा : टाकीपाशी? जुना तर इंजिनावर होता.

बंकट : विजेचा पंप ढकलतो चांगला, ओढतो कमी. म्हनून टाकीजवळ अन् खाली. आधी गाळनी, मग पंप. नळी सायलेन्सरच्या जवळून न्यायची न्हाई. अन् इंजिन बंद पडलं की पंपबी आपोआप बंद झाला पायजे, तशी वायर मी इंजिनातल्या तेलाच्या बटनावरून घेतो, तेलाचा दाब गेला की ते आपोआप तुटतं. न्हाई तर एखांद्या खड्ड्यात गाडी उलटायची अन् ह्यो आपला पेट्रोल वततच ऱ्हायचा.

सटवा : ह्यानं वाटंत बंद पडायची न्हाई ना?

बंकट : न्हाई पडायची. जुना इंजिनाला चिकटून होता. उन्हात तापला की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, अन् वाफ काय त्याला ओढता येत न्हाई. मग तू काय करायचास?

सटवा : वलं फडकं गुंडाळायचो. दहा मिन्टात गार व्हायचा.

बंकट : अन् पानी कुठलं? तुमच्या गावात टँकर आठव्या दिवशी येतोय.

सटवा : असंच... कुठलंबी.

बंकट : सटवा, इकडं बघ. मी नखानं ही खपली उकरली. उतू गेलेल्या दुधाचा वास मारतोय हिला.

सटवा : हळू बोला, काका. मुक्तामावशी येनार हाय.

बंकट : दूध संस्थेची अध्यक्षीन? येऊ दे की.

सटवा : उद्या बैठक हाय. मला कामावरनं काढायची. रोज दोन लिटर दूध कमी भरतंय. समद्या बाया म्हनत्यात, सटवा वाटंत पितो.

बंकट : अन् तू गप?

सटवा : काय सांगू? वासराच्या तोंडातलं काढून घालत्यात त्या. लेकरं कोरा च्या पित्यात घरोघर. ते दूध लोखंडावर वतलं म्हनायला जीभ उचलंना. त्यापरीस चोर बरा.

बंकट : दोन लिटर वतलंस ते?

सटवा : न्हाई वतलं तर गाडी उन्हात उभी अन् दोनशे लिटर नासत होतं, काका. एकदा नासलं तवा शीतकेंद्रवाल्यांनी सांगितलं, आनखी एकदा आलं तर तुमचं दूध घेनं बंद.

(मुक्ताबाई केव्हाच्या दाराशी येऊन उभ्या आहेत. डोक्यावरचा पदर सावरतात.)

मुक्ताबाई : दाव ती खपली, बंकटभाऊ.

सटवा : मावशी...

मुक्ताबाई : तू थांब. ...दूधच हाय. आरं, माझी शेळी विकली मी चाऱ्यापायी, अन् तू इथं इंजिनाला आंघोळ घालत होतास?

सटवा : चुकलं माझं.

मुक्ताबाई : चुकलं म्हनू नको लगेच. तुला मी रोज पान्याची पाच लिटरची निळी क्यान देत होते, गाडीसाठी. ते पानी कुठं गेलं?

सटवा : काय न्हाई.

मुक्ताबाई : काय न्हाई काय? बोल.

बंकट : बोल की बे. माझ्याफुडं बोललास तेवढं तरी बोल.

सटवा : क्यान तुमीच बंद केली, मावशी. शिमग्याच्या आधी. म्हनलात, मानसाला न्हाई तर गाडीला कुठून.

मुक्ताबाई : म्हनले होते खरं. इसरलेच की मी.

सटवा : मग आधी माझी प्यायच्या पान्याची बाटली वतायचो. ती पुरंना. मंग दूध.

मुक्ताबाई : अन् हे तवाच सांगितलं असतंस तर?

सटवा : तुमच्या रांजनात काय होतं ते दिसत होतं की मला.

मुक्ताबाई : बंकटभाऊ, किती वेळ लागंल?

बंकट : नळीची पकड आवळली की झालं. सटवा, चावी फिरव. नुसती फिरव, चालू नको करू. ...पंप गप हाय, बरोबर. आता चालू कर. हं. ऐक, कसं चालतंय.

मुक्ताबाई : उद्या बैठकीत तू बोलू नको. मी सांगते.

सटवा : काय सांगनार?

मुक्ताबाई : क्यान मी बंद केली, हे आधी. दुधाचं मागून.

सटवा : बाया तुमाला बोलतील, मावशी.

मुक्ताबाई : बोलू दे. दोन महिने तुला बोलल्या, मी ऐकत बसले. ती निळी क्यान कुठाय?

सटवा : शिटाखाली. रिकामी हाय.

मुक्ताबाई : दे इकडं. सकाळी भरून देते.

सटवा : आता नगं. ह्या पंपाला पानी लागत न्हाई.

मुक्ताबाई : पंपाला न्हाई रं. तुला प्यायला.