एकट्याचा चेक

(जानेवारीतली दुपार. मिनेसोटातलं गोठलेलं तळं आणि त्यावर मासे धरायची लाकडी खोपटी. आत गॅसची शेगडी, बर्फात पाडलेलं एक भोक आणि उपड्या बादल्यांवर बसलेले दोघं: कागद गिरणीतून निवृत्त झालेला व्हर्लिन आणि त्याची नात ब्रिटा.)

ब्रिटा : सहा? आजोबा, वेड लागलंय का तुम्हाला? पहिला पगार अजून हातात पडला नाही माझ्या.

व्हर्लिन : म्हणूनच सहा. एकदा पगाराची चव लागली की शंभरातला एक डॉलरही सुटायचा नाही तुझ्या हातून. लिही, निवृत्तीच्या फंडाला सहा टक्के.

ब्रिटा : मी तेवीस वर्षांची आहे हो. हे पैसे मिळणार कधी, तर दात पडल्यावर.

व्हर्लिन : दात पडल्यावरच लागतात पैसे. नुसत्या दातांनाच किती लागतात, विचार तुझ्या आजीला. तुझा दवाखाना काय म्हणतो? तू सहा टाकलेस की तेही सहा टाकणार, बरोबर?

ब्रिटा : बरोबर.

व्हर्लिन : मग तू तीन टाकलेस तर त्यांचे तीन त्यांच्याच खिशात राहिले. एक्स-रे काढायला शिकलीस आणि एवढं कळत नाही?

ब्रिटा : कळतं. पण मला गाडी घ्यायचीय. आत्ताची सकाळी सुरू व्हायला अर्धा तास रडते. आणि मार्चमध्ये मैत्रिणी फ्लोरिडाला चालल्यात... आई गं! हे काय वाजलं?

व्हर्लिन : बर्फ.

ब्रिटा : फुटला?

व्हर्लिन : वाढतोय. थंडी वाढली की असाच ओरडतो. चांगला पंधरा इंच जाड आहे. बाहेर अख्खा ट्रक उभाय, तो नाही बुडत तर तू कशी बुडशील? बस खाली.

ब्रिटा : बसले. पण परत वाजला तर मी बाहेर.

व्हर्लिन : भोकावर परत बर्फाची साय धरली बघ. तो झारा दे इकडे.

ब्रिटा : मी काढते. तुम्हाला हात वर करायचीसुद्धा मनाई केलीय डॉक्टरांनी. उद्या सकाळी छाती उघडणार आहेत आणि आज हे तळ्यावर येऊन बसलेत. दुसरा कोणी असता तर अंथरुणात पडून राहिला असता.

व्हर्लिन : अंथरुणात पडून भिंत बघायची? इथे निदान भोक आहे बघायला. पुढे काय विचारलंय फॉर्ममध्ये?

ब्रिटा : "तुमच्यानंतर ही रक्कम कोणाला द्यावी?" बघा, पहिल्याच नोकरीत मरणाची तयारी. आईचं नाव टाकू का?

व्हर्लिन : टाक.

ब्रिटा : तुम्ही गिरणीत आजीचं टाकलं असेल ना?

व्हर्लिन : कॉफी ओत.

ब्रिटा : ओतते. पण टाकलं होतं ना?

व्हर्लिन : मासा लागलाय वाटतं.

ब्रिटा : नाही लागलाय. दोरी मेल्यासारखी पडलीय. आजोबा, असे काय बघताय तुम्ही?

व्हर्लिन : तुझी आजी आज किती वाजता सुटते शाळेच्या स्वयंपाकघरातून?

ब्रिटा : दोनला. का?

व्हर्लिन : हे तिच्या कानावर जाता कामा नये. शपथ घे.

ब्रिटा : घेतली. बोला.

व्हर्लिन : गिरणीत आमचं तुमच्यासारखं नव्हतं. आम्हाला मरेपर्यंत महिन्याला पेन्शनचा चेक. निवृत्त होताना एक कागद समोर ठेवायचे, त्यावर दोन चौकोन. एक जोडीचा चेक, थोडा लहान, पण नवरा गेला तरी बायकोला चालू राहणार. दुसरा एकट्याचा. चांगला पाचशे डॉलरनी मोठा. पण माणूस गेला की चेक बंद. त्या महिन्यापासून बंद.

ब्रिटा : आणि तुम्ही...

व्हर्लिन : आमच्या जेवणाच्या खोलीत जोडीच्या चेकला काय म्हणायचे माहितीये? रांडाव चेक. कोणी तो घ्यायचं नुसतं म्हटलं की सगळे टेबल बडवायचे, "मेला रे मेला" करून. एकानेही घेतला नाही आमच्या पाळीत. बावीस जण होतो.

ब्रिटा : टेबल बडवतील म्हणून तुम्ही आजीला उघड्यावर टाकलंत?

व्हर्लिन : हळू बोल. मला वाटलं, महिन्याचे ते पाचशे बाजूला ठेवू, तिच्या नावाने. ठेवले पण. पहिले चार महिने. मग बोट आली, मग हिवाळ्यात टेक्सास, मग ट्रकचे टायर. आठ वर्षं झाली, ब्रिटा. बाजूला काही नाही.

ब्रिटा : मग जाऊन बदला ना तो कागद!

व्हर्लिन : बदलत नाही. पहिला चेक निघाला की संपलं. मी विचारून आलो गेल्या महिन्यात, डॉक्टरने छातीतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा दाखवला त्याच दिवशी. पेन्शनच्या खिडकीतली पोरगी म्हणाली, "सॉरी, मिस्टर एंगस्ट्रॉम." अगदी गोड आवाजात.

ब्रिटा : पण बायकोची सही लागते ना अशा कागदावर? आम्हाला परवाच सांगितलं ऑफिसात.

व्हर्लिन : लागते. नोटरीसमोर. केली तिने. त्याच दिवशी बोटीच्या कर्जाचे कागद होते, डॉक्टरच्या विम्याचे होते. मी म्हटलं, इथे कर, इथे कर, इथे कर. आणि तिने केली. माझ्यावर विश्वास ठेवून केली गं तिने.

ब्रिटा : कोणीतरी येतंय. पावलं वाजतायत.

व्हर्लिन : शब्द काढायचा नाही. समजलं?

आर्लिस : दार ढकला आतून! कडी गोठलीय. हां. वा, छान! कॉफी काय, शेगडी काय. किती मासे मिळाले?

ब्रिटा : आजी, तू तळ्यावरून चालत आलीस? एवढ्या वाऱ्यात?

आर्लिस : काय करू, राजेसाहेब फोन बंद करून बसलेत. आणि मला हॉस्पिटलचा फोन येतो, भर स्वयंपाकघरात, हातात दीडशे पोरांच्या मॅकरोनीचं घमेलं. "मिसेस एंगस्ट्रॉम, उद्याची वेळ दुसऱ्या कोणाला दिली तर चालेल ना?" मी म्हटलं, का? म्हणे, "तुमच्या मिस्टरांनी सकाळीच ऑपरेशन रद्द केलं."

ब्रिटा : काय?

व्हर्लिन : रद्द नाही. पुढे ढकललं. उन्हाळ्यात बघू म्हटलं.

आर्लिस : उन्हाळ्यात! डॉक्टर काय म्हणाला तुझ्यादेखत? तो फुगा उद्या फुटेल नाहीतर वर्षाने फुटेल, पण फुटणार. आणि तू उन्हाळ्याची वाट बघणार, आंबट चेरी पिकायची वाट बघतात तशी?

व्हर्लिन : तो आणखीही काहीतरी म्हणाला. पाचातला एक टेबलावरूनच उठत नाही म्हणाला. माझं वय, माझी फुफ्फुसं. ते नाही ऐकलंस?

आर्लिस : ऐकलं. चार उठतात, तेही ऐकलं.

व्हर्लिन : मी नाही जाणार. विषय संपला.

आर्लिस : तू भित्रा नाहीस, व्हर्लिन. गिरणीच्या रोलरमध्ये हाताचं बोट गेलं तेव्हा तुटलेलं बोट डब्यात घालून स्वतः गाडी चालवत गेलास. मला खरं कारण सांग.

व्हर्लिन : हेच खरं.

ब्रिटा : आजोबा. अहो, आजोबा! म्हणजे तुम्ही चेकसाठी...

व्हर्लिन : ब्रिटा!

ब्रिटा : नाही, मला शपथबिपथ काही नको. तुम्ही उद्या टेबलावर गेलात तर चेक उद्याच बंद. आणि हा फुगा घेऊन घरात फिरत राहिलात तर निदान वर्षभर येत राहील. हाच हिशेब केलात ना तुम्ही? माझ्यासमोर बसून सहा टक्के सहा टक्के करत होतात आणि डोक्यात हे!

व्हर्लिन : तोंड आवर. आर्लिस, ही काहीतरी बोलतेय. ते गिरणीचं एक जुनं...

आर्लिस : एकट्याचा चेक.

व्हर्लिन : काय म्हणालीस?

आर्लिस : एकट्याचा चेक घेतलास तू. मला माहितीये.

व्हर्लिन : कधीपासून?

आर्लिस : सही केली तेव्हापासून. तुला काय वाटलं, मला वाचता येत नाही? तू पेनाचं टोपण शोधत होतास तेवढ्यात वाचून झाला होता माझा कागद. नोटरीबाईने तर दोनदा विचारलं, "यातलं सगळं समजलं ना?" मी हो म्हटलं.

व्हर्लिन : आणि तरी सही केलीस?

आर्लिस : केली.

व्हर्लिन : का? अगं, का? ओरडायचं होतंस माझ्यावर. कागद फाडायचा होतास!

आर्लिस : तुझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले, गिरणीच्या कपड्यांतच. तुझा भाऊ ड्वेन मार्चमध्ये निवृत्त झाला आणि ऑक्टोबरमध्ये आपण त्याला पुरला. तुमच्या घरात कोणी म्हातारं झालेलं मी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, ह्याला मिळतील दोन नाहीतर तीन वर्षं. मिळू देत. पूर्ण चेकची मिळू देत. बोट घे, टेक्सासला जा. लहान चेक घेतला असतास तर दर महिन्याला तुझं मन म्हणालं असतं की हिच्यापायी कमी पडतंय. ते तुझ्या तोंडावर दिसलं असतं मला. ते नको होतं.

व्हर्लिन : मला आठ वर्षं मिळाली.

आर्लिस : हो ना. लबाडा, तू मेलाच नाहीस.

ब्रिटा : आजी!

आर्लिस : खरं तेच बोलतेय. दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला देवाचे आभार मानले आणि त्याच रात्री उठून साठवलेले पैसे मोजले. तू झोपेत खोकलास की मी उठून बसायचे. घोरणं थांबलं की नाकापुढे हात धरायचे. आठ वर्षं एक रात्र सलग झोपले नाही मी.

व्हर्लिन : म्हणून तू शाळेतली नोकरी सोडली नाहीस.

आर्लिस : मग काय, एकोणसत्तराव्या वर्षी मला पोरांची ताटं धुवायची हौस आहे?

व्हर्लिन : तू म्हणायचीस, घरात करमत नाही. मी सगळ्यांना हसून सांगायचो, हिला बसायची सवयच नाही. बोटीवर एकटा जायचो आणि म्हणायचो, बघा, मी कसा मजेत.

आर्लिस : मजेतच होतास. म्हणून तर बोलले नाही.

ब्रिटा : आजी, मला सांग. समजा आजोबा... समजा चेक थांबला. तर काय करशील तू?

आर्लिस : सरकारी पेन्शन राहील. त्यात घराचा कर आणि गॅस. माझं साठवलेलं आहे, वर्ष-सव्वा वर्ष निघेल. मग घर विकेन आणि फार्गोला बहिणीकडे एक खोली. तिची मांजरं आवडत नाहीत मला, पण राहीन. सगळं ठरवून ठेवलंय. घाबरून घाबरून ठरवलंय, पण ठरवलंय.

व्हर्लिन : म्हणूनच म्हणतो, थांबू दे मला. एक वर्षाचे बारा चेक. दोन वर्षं निघाली तर चोवीस. मी जपून चालेन. जिना चढणार नाही. तेवढं तरी करू दे तुझ्यासाठी.

आर्लिस : आणि मी काय करायचं? तू भांडं पाडलंस की धावत यायचं, बघायचं, चेक पडला की भांडं? महिन्याची पहिली तारीख उजाडली की म्हणायचं, चला, हा एक मिळाला? मला नवरा हवाय. चेक म्हणून माझ्या घरात जगू नकोस तू.

व्हर्लिन : आर्लिस, पाचातला एक.

आर्लिस : मला मोजता येतं.

व्हर्लिन : तो एक मी असलो तर?

आर्लिस : तर मांजरं. सांगितलं ना.

ब्रिटा : हॉस्पिटलने वेळ दुसऱ्याला दिली का?

आर्लिस : चारपर्यंत धरून ठेवते म्हणाली ती मुलगी. पण पेशंटने स्वतः फोन करायचा. बायकोची सही तिथे चालत नाही. किती वाजले?

ब्रिटा : तीन वीस. आजोबा, माझा फोन घ्या. इथे रेंज आहे.

व्हर्लिन : हातमोज्यात बटणं दाबली जात नाहीत.

ब्रिटा : मी लावून देते. घ्या, वाजतोय. आणि आजी, मी सहा लिहिलेत गं. नाव आईचं टाकलंय.

आर्लिस : चांगलं केलंस. लग्न झालं की बदल. आणि सही करायच्या आधी मोठ्याने वाचून दाखव, दोघांनीही ऐकलं पाहिजे.

व्हर्लिन : श्श! हॅलो? हो... व्हर्लिन एंगस्ट्रॉम. उद्या सकाळचं... हो, मीच रद्द केलं होतं... नाही, विचार बदलला. हो, बायको बरोबर असेल... रात्री काही खायचं नाही, समजलं. येतो.

आर्लिस : काय म्हणाली?

व्हर्लिन : आठला हजर. म्हणजे घरातून सहाला निघायला हवं.

आर्लिस : पाचला. रस्ता निसरडा आहे. उठ, शेगडी बंद कर. ब्रिटा, तू ट्रक आण जवळ.

ब्रिटा : आणते. दार ओढून घेते, वारा आत येतोय.

व्हर्लिन : आर्लिस.

आर्लिस : आता काय?

व्हर्लिन : पोरीसमोर बोललो नाही. मला भीती वाटतेय गं. चेकची नाही. उद्याची.

आर्लिस : वाटू दे. आठ वर्षं मी एकटीच घाबरत होते. आज दोघं मिळून घाबरू.