मधल्या शहराचा शिक्का

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाई. टाळत आलो. तुमी मागं दोनदा माझ्या आठवणी लिहून घ्यायला आलात, तवाबी तुमाला फौजेतल्याच गोष्टी सांगितल्या, चहा पाजला, वाटेला लावलं, आणि तुमी गेल्यावर इथंच ओट्यावर बसून म्हटलं, चला, सुटलो. आता वय झालं, आता सुटून जायचं कुठं? लिहून घ्या. फक्त माझं बोलणं फार नीटनेटकं करू नका, कारण नीटनेटकं बोलूनच मी एका पोरीचं वाटोळं केलं हाय.

माझं गाव साताऱ्याच्या पूर्वेला, कोरेगावच्या अंगाला. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत. बाप फौजेत, चुलता फौजेत, मग मी दुसरीकडं कुठं जाणार. मॅट्रिक झालो होतो म्हणून मला क्लार्क केलं, त्यामुळं हातात बंदूक कमी आणि टाइपरायटर जास्त. एकदा आमची कंपनी परदेशी गेली होती, तिथल्या सरहद्दीवर भांडणाऱ्या दोन देशांच्या नुसतं मधी उभं राहायला. जाताना विमान वाटेत एका शहरात उतरलं, पुढचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. आमी तिथल्या मोठ्या हॉलमधी किटबॅग उशाला घेऊन आडवे झालो, कुणी पाव दिला, कुणी कॉफी दिली, एकाबी माणसानं विचारलं न्हाई की तुमी कोण, कागद दाखवा. हे ध्यानात ठेवा. सगळं पुढचं ह्यातनंच झालं.

पेन्शनीत आलो तवा साताऱ्यात माझ्यासारखे हवालदार पैशाला पासरी. म्हणून सांगलीला मेव्हण्याच्या ओळखीनं बसस्टँडच्या मागं एक खोली घेतली, जुना टाइपरायटर मांडला आणि पासपोर्टचे अर्ज भरून द्यायला लागलो. बहात्तरचा दुष्काळ सरला होता आणि पोरं आखाताकडं निघायला लागली होती, कुणी फिटर, कुणी गवंडी, कुणी ड्रायव्हर. मुंबईच्या एका एजंटाकडनं मी त्यांची तिकिटं मागवायचो. लोक म्हणायचे, हवालदार स्वतः विमानात बसून आलाय, त्याला सगळं ठावं हाय. मला ते लय गोड वाटायचं. काय सांगू तुमाला, माणूस चार लोकांत मोठा व्हायला लागला की त्याला मला ठावं न्हाई एवढं म्हणायला जड जातं.

राजमती माझ्याकडं आली ती तिच्या वडलांबरोबर. आण्णा जैन शेतकरी, मिरजेच्या पुढं कर्नाटकाच्या हद्दीजवळ गाव, ऊस आणि हळद. आई न्हवती. पोरगी मिरजेच्या दवाखान्यात नर्स होती आणि तिला आफ्रिकेतल्या एका सरकारी दवाखान्यात नोकरी लागली होती. त्या काळात, त्या गावात, त्या घरातली पोर. भावकीनं आण्णाला लय बोल लावले, पोरीला काळ्या पाण्यावर धाडतोय म्हणून, पण आण्णा म्हणाला, तिला जायचंय, तर ती जाईल. आणि पोरगी अशी की डॉक्टरांबरोबर फाडफाड इंग्रजी बोलायची. माझ्या खोलीत एकदा एक सरदारजी पत्ता विचारायला आला तर मी अजून शब्द जुळवतोय तोवर हिनं त्याला वाट सांगून वाटेला लावलाबी. मला म्हणाली, मामा, तुमी फौजेत होता का मुक्यांच्या शाळेत? आणि हसली. आण्णा रागावला, मोठ्या माणसाला असं बोलतात व्हय. मीबी हसलो. पण थोडं लागलं, खोटं कशाला बोलू.

तिला विमान बदलायचं होतं. मुंबईहून सरळ जाणारं विमान त्या तारखांना मिळेना, आणि ठरल्या तारखेला कामावर हजर झाली न्हाई तर जागा दुसऱ्याला देणार, असं तिकडनं कळवलेलं. म्हणून एजंटानं दोन वेगळी तिकिटं काढली, एक मधल्या शहरापर्यंत, दुसरं तिथनं पुढं. त्या शहराचं नाव मी घेत न्हाई, त्यांचा काय दोष. त्यांचा नियम होता आणि त्यांनी तो पाळला.

तिकीट हातात घेऊन राजमतीनंच विचारलं. मामा, हे विमान आज पोचतंय आणि पुढचं उद्या सकाळी हाय, मग मधी त्या देशाचा शिक्का लागतो का? जायचं हाय त्या देशाचा व्हिसा माझ्याकडं हाय, पण मधल्याचं काय?

बघा, पोरीनं नेमकं विचारलं. मी म्हणालो, न्हाई लागत, तू काय त्या देशात ऱ्हायला चाललीस का, नुसती वाटेनं जाणार. आमची अख्खी कंपनी अशीच गेली. शिवाय आपल्या तासगावकडचा एक फिटर त्याच शहरावरनं गेला होता, त्यालाबी कुणी विचारलं न्हवतं. हे खरं होतं. पण त्या फिटरचं पुढचं विमान त्याच दिवशी होतं, तो विमानतळाच्या बाहेर पडलाच न्हवता, हे मी त्याला कधी विचारलं न्हाई.

आण्णा जरा घुटमळला. म्हणाला, हवालदार, राग मानू नका, पण मुंबईला त्या देशाची कचेरी असंल की, मी उद्याच्या गाडीनं जातो आणि इचारून येतो, पोरीची जात हाय, परमुलूख हाय. बाकावर आणखी गिऱ्हाईकं बसलेली. मी म्हणालो, आण्णा, हळदीचा भाव मी तुमाला कधी शिकवायला आलो का? मग विमानाचं मला शिकवू नका. बाकावरची माणसं हसली. आण्णाबी कसनुसा हसला, टोपी नीट केली आणि गप बसला. त्या एका टोमण्यानं त्याचं मुंबईला जाणं ऱ्हायलं.

राजमती गेली. मुंबईत चढताना तिला कुणी हटकलं न्हाई, आण्णा परत येऊन मला पेढे देऊन गेला, आणि मी ते पेढे वाटले.

आठवडा व्हायच्या आत ती परत आली. त्या शहरात रात्री विमानतळाचा तो भाग बंद करायचे, मुक्कामाला बाहेर हॉटेलात जावं लागायचं, आणि दोन तिकिटं वेगळी म्हणून सामानबी बाहेर घेऊन पुन्हा चढवायचं. म्हणजे देशात शिरणं आलं आणि शिरायला शिक्का पायजे. तो न्हाई म्हटल्यावर त्यांनी तिला एका बाकावर बसवून ठेवलं आणि ज्या कंपनीच्या विमानानं ती आली होती त्याच कंपनीच्या विमानानं माघारी धाडलं. तिकडं तारीख टळली, जागा गेली.

स्टँडवरनं ती आणि आण्णा सरळ माझ्या खोलीवर आले. तिच्या अंगावर तेच पातळ होतं, जाताना नेसलेलं. बाकावर गिऱ्हाईकं होतीच. ती म्हणाली, मामा, त्यांनी मधला शिक्का मागितला. मी सांगितलं, आमच्या सांगलीच्या हवालदारांनी लागत न्हाई म्हणून सांगितलंय.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आण्णाबी बघत होता, पण त्याच्या बघण्यात राग न्हवता, तो नुसता वाट बघत होता की हवालदार आता काय म्हणतोय. आणि मी म्हणालो, पोरी, तू घाबरलीस. शिक्का लागतच न्हाई, तू त्यांना नीट सांगायला पायजे होतंस की मी बाहेर जात न्हाई, हितंच बसून ऱ्हाते. तू बावरलीस म्हणून त्यांना संशय आला.

ती म्हणाली, मी सांगितलं.

मी म्हणालो, काय सांगितलंस? सांग बरं, जसंच्या तसं सांग.

ती बोलायला लागली. आय ॲम अ नर्स, असं म्हणाली, आणि बाकावरचा एकजण खाली मान घालून हसला, आणि ती थांबली. दोन दिवस झोप न्हाई, पोटात अन्न न्हाई, तिला पुढचं आठवेना. मी हात असे पसरले आणि आण्णाला म्हणालो, बघा, हितं आपल्या माणसांत बोलता येत न्हाई तर तिथं काय बोलली असंल. झालं. मी सुटलो. आण्णानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, चल, बाळ.

त्यानंतर ती गावात घाबरून परत आलेली म्हणूनच ओळखली गेली. बाजाराला आलेली माणसं मला विचारायची, हवालदार, काय झालं वो त्या नर्सचं? मी म्हणायचो, हुशार हाय पोरगी, पण ऐन वेळी बावरली. हुशार हाय हे आधी म्हणायचो, म्हणजे मला वाटायचं मी तिची बाजूच घेतोय.

दोन महिन्यांनी मी दुसऱ्या एका गिऱ्हाईकासाठी मुंबईला गेलो आणि त्या मधल्या देशाच्या कचेरीच्या खिडकीवर विचारलं. तिथला माणूस वरबी न बघता म्हणाला, त्याच विमानतळात बसून त्याच दिवशी पुढं जाणार असाल तर नको, बाहेर पडणार असाल किंवा मुक्काम असंल तर ट्रान्झिट व्हिसा आधीच काढून घ्यायचा. एवढंच. तेवढ्यासाठी आण्णा गाडीत बसायला तयार होता. आणि आमच्या कंपनीचं कोडंबी मला तिथंच पायरीवर उलगडलं. आमच्या सगळ्यांचे कागद एका साहेबाच्या बॅगेत होते, दोन सरकारांचं आधीच बोलणं झालेलं. फौजेत शिपायाला कागद सांभाळावा लागत न्हाई, कुणीतरी त्याच्यासाठी सगळं करून ठेवलेलं असतं, आणि त्याला वाटतं आपण मोकळेच चाललोय. राजमतीसाठी ते करून ठेवणारा माणूस मी होतो.

परत आल्यावर बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, आवं, मग जावा की, त्या पोरीला सांगून या. मी म्हणालो, जातो. पुढच्या गुरुवारी, पुढच्या गुरुवारी, असं करत गेलो न्हाई. बायको कधीमधी म्हणायची, तुमचं नाव ऱ्हायलं, तिचं गेलं. मग तीबी म्हणायची थांबली. आणि धंद्याचं काय विचारता, तो वाढला. कुणी आलं की मी पहिलं विचारायचो, मधी मुक्काम हाय का? बाहेर पडणार का? तिकिटं जोडलेली हायेत का वेगळी? लोक म्हणायचे, हवालदार बारीक बघतो. ते बारीक बघणं मी कुणाच्या जिवावर शिकलो ते मला एकट्याला ठावं.

राजमती मिरजेच्या दवाखान्यात परत गेली न्हाई. बोलावलं होतं म्हणतात, हीच न्हाई म्हणाली. आण्णानं गावाजवळच एका बिजवराला दिली. आण्णा गेला तवाबी मी गेलो न्हाई.

लय वर्षांनी, बायको गेल्यावर, मी एकदाचा निघालो. एस.टी.त बसून काय बोलायचं ते घोकत गेलो, परेड घोकावी तसं. दारात हळद वाळत घातलेली. राजमतीनं मला लगेच ओळखलं, आवं मामा, म्हणाली, आणि डोक्यावर पदर घेऊन पाया पडली. मला तिथंच धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. म्हणाली, जेवल्याशिवाय जायचं न्हाई, आणि आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात, तवा आता बसाच. पाट मांडला. तिची पोरगी वाढत होती, दहावीला असंल. राजमती तिला म्हणाली, हे हवालदार मामा, ह्यांनी माझ्यासाठी लय धडपड केली, मीच तिथं जाऊन गप झाले, ह्यांच्या कष्टाचं मातेरं केलं.

मी घास तसाच धरून बसलो. तुमाला कळतंय का? मला वाटत होतं ती मनात मला शिव्या देत असंल, आणि शिव्या देणाऱ्या माणसापुढं वाकता येतं. पण तिनं माझंच बोलणं खरं धरलं होतं. इतकी वर्षं ती त्या विमानतळावरच्या खिडकीपुढं आपण गप झालो असंच समजत होती. गप झाली होती ती माझ्या खोलीत.

पोरगी म्हणाली, मामा, मलाबी नर्सच व्हायचंय, तुमी सांगा की आईला. राजमती म्हणाली, नको बाई, आपल्याला चार माणसांत बोलता येत न्हाई, आपला पिंडच न्हाई तो. आणि माझ्याकडं बघून हसली, जसं काय मी साक्षीदार. तवा बोलायला पायजे होतं. एक वाक्य. पोरगी माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, भात चांगला झालाय.

दिवस मावळला. तिनं भांडी आवरली, मला पिशवीत हळद बांधून दिली आणि एस.टी.पर्यंत पोरीला बरोबर धाडलं.

पुढं कळलं तिचं लग्न झालं, नर्स झाली न्हाई. आणि मागच्या थंडीत राजमती गेली. बाजारात त्यांच्या गावचा एकजण भेटला, सहज म्हणाला. हळद संपून गेली, पिशवी खुंटीला हाय अजून.

आता तुमी विचाराल, जाऊन काय बोलणार होतो. एस.टी.त घोकलं होतं ते सांगतो, जसंच्या तसं लिहा, तिच्या पोरीपर्यंत गेलं तर बघा. राजमती, तुझं काय चुकलं न्हाई. शिक्का लागत होता. तू बरोबर विचारलंस, मी चूक सांगितलं, आणि तुझ्या बापाला विचारू दिलं न्हाई. तू घाबरली न्हवतीस. तू तिथं नीट बोललीस, मला खात्री हाय तू नीटच बोललीस. घाबरलो मी. मला माफ कर, पोरी.