घळीतल्या बर्फावर राख

मंडळी, सरका पुढं. भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा! तुम्ही उठलात म्हणून देवळाची भिंत पडत नाही. आज एकच प्रश्न आणलाय — ज्याची आस लागली, त्याच्यासाठी थांबायचं, की त्याला ओढून आणायचं? खरी माया कुठली? नाही ना सांगता येत? मग ऐका.

हिमालयात पार उंचावर एक गाव. पाऊस म्हणाल तर नावाला. मग पाणी कुठलं? गावाच्या वर एक घळ. हिवाळाभर तीत बर्फ साठतो आणि उन्हाळ्यात बेताबेतानं वितळून ओढ्याला येतो. तेच प्यायचं, तेच सातूच्या शेताला. आपल्याकडं बर्फ म्हणजे लग्नातल्या सरबतापुरता, तोही आधी वरपक्षाला! तिकडं ती अख्ख्या गावाची वर्षाची बेगमी.

त्या गावात आंगमो नावाची विधवा म्हातारी. तिची एकुलती लेक डिस्कित — हसताय काय? तिकडं जाऊन 'धोंडाबाई' म्हणून बघा, तेही हसतील! — ही डिस्कित खिंडीपलीकडं दिलेली. खिंडीची वाट त्या घळीतूनच, हिवाळ्यात बंद. बर्फ उतरला की लेक यायची आणि सातूची कापणी होईस्तोवर राहायची. म्हातारीचं वर्ष म्हणजे तेवढंच.

एका साली खिंड बंद होता होता शेवटच्या खेचरवाल्यानं निरोप आणला, डिस्कितला मुलगी झाली. नाक म्हणे आजीवर गेलंय. झालं! निरोप देऊन गडी गेला आणि म्हातारीची झोप घेऊन गेला. घरात बोलायला माणूस नाही, तर ती नातीशी बोलायला लागली. न बघितलेल्या नातीशी, मंडळी! पाळण्याची दोरी वळून ठेवली. दूध तापवलं की वाटीभर तिच्यासाठी बाजूला काढायची आणि मग गार झालं की स्वतःच प्यायची. बायांनो, तुम्हाला हे मी काय समजावून सांगू?

आता तिकडची एक रीत ऐका. हिवाळाभर चुलीतली राख साठवायची आणि ऊन तापायला लागलं की शेतातल्या बर्फावर पसरायची. पांढऱ्यावरून ऊन निसटतं, काळ्यावर बसतं. शेत लवकर उघडं होतं, पेरणी साधते. पण राख फक्त शेतात. घळीला हात लावायचा नाही, हा गावचा दंडक.

आंगमोनं टोपली भरली आणि घळीत नेली. वाटेपुरतीच टाकते, असं मनाला सांगितलं. मनाला काय, सांगाल ते ऐकतं! दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. शेजाऱ्यांनी बघितलं, म्हातारीचं शेत अजून पांढरंच. बिचारीची राख कमी पडली असेल म्हणून त्यांनी आपापल्या घरची आणून दिली. तीही घळीत गेली.

घळ काळी झाली आणि बर्फानं पाय सोडले. पाणी धो-धो आलं — पण पेरणीच्या आधी! शेतं अजून गोठलेली. ते प्यायचं कुणी? आलं तसं खालच्या नदीला गेलं. आणि मोकळ्या वाटेनं डिस्कित आली. नातीनं आजीचं नाकच पकडलं. म्हातारी हसत होती, रडत होती, आणि तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

आषाढात ओढ्याची करंगळीएवढी धार उरली. सातू पिवळा पडला. गावचा मुखिया रिगझिन घळीत जाऊन आला. दगडांवर राखेचा थर होता. त्यानं गाव जमवलं, पण नाव कुणाचं घेतलं नाही. आंगमो आपणहून उभी राहिली.

"राख माझी," ती म्हणाली. "आणि तुम्ही मायेनं दिलेली, तीसुद्धा."

मग रिगझिननं ठरवून टाकलं, पाणी घागरीनं वाटायचं, आणि लेकीची, नातीची घागरही द्यायची. काय माणसं असतील, सांगा! शिवी दिली असती तर म्हातारीला सोपं गेलं असतं.

घरी येऊन ती नातीचं गाठोडं बांधायला लागली. लेक म्हणाली, "आमा, कापणीला अवकाश आहे. मी राहते."

"ज्यांचं पाणी मी वाहवलं, त्यांच्या घागरीतनं तुला पाजू? जा बाई. पलीकडं तुझा ओढा वाहतोय."

खिंड सताड उघडी होती. थांबायला सबब नव्हती. पंधरवडाभर लवकर आणलेली लेक सगळा उन्हाळा घेऊन परत गेली.

पुढच्या हिवाळ्यात घळ पुन्हा भरली. ऊन तापलं. आंगमोनं आपली राख आपल्या शेतात पसरली, उरलेली शेजाऱ्यांना दिली आणि उंबऱ्यात बसून घळीकडं बघत राहिली. शेजारणीनं विचारलं, उतरला का गं बर्फ?

"नाही," आंगमो म्हणाली. डोळ्यांतून पाणी चाललेलं. "आहे अजून. पुष्कळ आहे."

लेकीच्या आड आलेला बर्फ बघून जिचा जीव निवला, मंडळी, माया काय असते ते तिला ठाऊक.

आता तुमच्याकडं वळतो. माना कशाला घालताय खाली? कालव्याचं आवर्तन सुटायच्या आधी वरच्या अंगाला दार उचललंय. कुणी, ते मला नको. त्याच्याही घरी ओढ असेल. पण खालच्या वस्तीवरची एक बाई सकाळी मला भेटली. म्हणाली, महाराज, घरात हंडा कोरडा, आखाजीच्या सणाला माहेरी येऊ नको म्हणून पोरीला कळवलंय. ती बाई आत्ता तुमच्यातच बसलीय. आखाजीला अजून अवकाश आहे. उठल्यावर माझ्या पाया पडायला येऊ नका — आधी कालव्यावर जा आणि ते दार खाली करा.