कापलेला फोन

हरीश: सही करणार नाही म्हणजे काय? टीम लीडर तू आहेस. गिरिजा तुझ्या टीममध्ये आहे. तिला काढल्याचं पत्र तुझ्याच सहीनं जाणार.

मयुरा: तेच म्हणतेय. माझ्या सहीनं जाणार, म्हणून नाही करत.

हरीश: आकडे मी घरून नाही आणले, मयुरा. सिस्टिमचे आहेत. रोज तीनशे कॉल लावते, वीस लोकही उचलत नाहीत. दोन महिन्यांत एक सॉफ्टवेअर विकलेलं नाही तिनं.

मयुरा: आणि दिवाळीच्या आधी? या अख्ख्या नोएडा ऑफिसात पहिली कोण होती?

हरीश: होती. कोण नाही म्हणतंय?

मयुरा: मग दिवाळीत तिची वाचा बसली, की तू फोनची कंपनी बदललीस?

हरीश: आलीस फिरून तिथंच. नाचता येईना, अंगण वाकडं.

मयुरा: अंगण वाकडंच आहे. आधीच्या कंपनीचे चाळीस नंबर होते, कोरे, आपल्या नावानं नोंदवलेले. दुकानदाराचा फोन वाजला की स्क्रीनवर आपलं नाव यायचं. तुझ्या स्वस्तातल्या कंपनीनं आठ दिले, तेही वापरलेले. आधी कुणाकडे होते, विचारलंस?

हरीश: नंबर तो नंबर. त्याला काय कुळ-गोत्र असतं?

मयुरा: असतं. कर्जवसुलीवाल्यांकडे होते. पहिल्या आठवड्यात गिरिजा ‘नमस्ते’ म्हणायच्या आत समोरून आयबहीण निघायची. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन यायची नि पुढचा नंबर लावायची. मग शिव्याही थांबल्या, कारण लोकांनी उचलणंच सोडलं. आता फोनवर लाल पट्टी येते. स्पॅम.

हरीश: ही सगळी तुझी थिअरी.

मयुरा: शनिवारी मेट्रोनं करोल बागेत जाऊन आले. सीट कव्हरवाले खन्नाजी. त्यांनी स्वतः आपल्या साइटवर फॉर्म भरलाय, डेमो दाखवा म्हणून. मी त्यांच्या गल्ल्याशेजारी स्टुलावर बसले आणि गिरिजाला मेसेज केला, लाव. फोन वाजला. त्यांनी बघितला नि कापला. मला म्हणतात, “मैडम, वसूली वाले हैं, रोज़ आते हैं. आप बताओ, आपकी कंपनी से फ़ोन क्यों नहीं आया?”

हरीश: एक खन्ना. आणि विलासची टीम? तीच लाइन, तेच आठ नंबर. त्यांचं टार्गेट कसं पुरं होतं?

मयुरा: विलास आपल्या पोरांना खाली चहाच्या टपरीवर पाठवतो, स्वतःच्या मोबाईलवरून कॉल करायला. तुला माहीत आहे, आणि मला माहीत आहे की तुला माहीत आहे. गिरिजा नियमानं वागली, तुझ्या लाइनवर बसून राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

हरीश: आवाज खाली. बाहेर सगळे ऐकतायत.

मयुरा: ऐकू दे की. मराठीत भांडतोय आपण, त्यांना काय कळणार?

हरीश: खरं सांगू? तुला गिरिजाचं काही पडलेलं नाही. ऑपरेशन्सची खुर्ची मला मिळाली ना, ते अजून पचलेलं नाही तुला. पुण्याहून एकाच दिवशी आलो, एकाच पोस्टवर आलो. तेव्हापासून बघतोय.

मयुरा: पचलेलं नाही. बिल्कुल नाही. पण त्यासाठी तीन मेल नसते लिहिले मी. पहिला भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी. नंबर बदलून घे, म्हटलं होतं. एकाला तरी उत्तर दिलंस?

हरीश: काय उत्तर देऊ? विक्रांत सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या होत्या माझ्यासाठी, खर्च खाली आणला म्हणून. आता त्यांच्याकडे जाऊन म्हणू, सर, चुकलं, परत जुन्यांकडे जाऊ या?

मयुरा: हो. हेच म्हणायचं होतं.

हरीश: सोपं आहे तुला बोलायला. एक नोकरी गेली तर दुसरी मिळेल तिला. चांगली बोलते, तूच सांगतेस.

मयुरा: कोणत्या कागदावर मिळेल? तिचा नवरा फौजेत आहे. दर तीन वर्षांनी कॅन्टोन्मेंट बदलतं. उन्हाळ्यात बदली आहे त्यांची, बहुतेक जबलपूर. प्रत्येक गावात तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सामानाच्या काळ्या पेट्या आणि मागच्या ऑफिसचं अनुभवाचं पत्र, एवढंच तिच्याबरोबर जातं. त्यावर तू लिहिलंयस, ‘काम असमाधानकारक’.

हरीश: तो ठरलेला मजकूर आहे. सगळ्यांना तोच जातो.

मयुरा: मग तुझ्या पत्रावरही तोच येऊ दे. हा कागद बघ.

हरीश: काय आहे?

मयुरा: गिरिजाच्या या आठवड्यातल्या कापलेल्या कॉलची यादी. याच्यावरच काढतोयस ना तिला? कालच्या पानावर सतरावी ओळ. मोठ्यानं वाच.

हरीश: ‘ग्राहकाने फोन कापला. ग्राहकाचं नाव’... हे काय?

मयुरा: वाच ना.

हरीश: ‘हरीश टेस्ट’.

मयुरा: नंबर कुणाचा?

हरीश: माझा. अगं, साइट नवीन होती तेव्हा फॉर्म चालतो का बघायला भरला होता मी. काढायचा राहून गेला. मशीन यादीतून उचलतं, नंबर लावतं. त्यात काय?

मयुरा: काल अकरा वीसला गिरिजानं तुला फोन केला. तिला स्क्रीनवर फक्त ‘ग्राहक’ दिसतो, तू आहेस हे तिला ठाऊक नाही. तू कापलास. मंगळवारी कापलास. सोमवारी दोनदा. का कापलास, हरीश?

हरीश: मीटिंगमध्ये असतो मी. आणि स्पॅम लिहून आलं तर कोण उचलतं?

मयुरा: परत एकदा म्हण. नाहीतर राहू दे, फोन उघड. ब्लॉक केलेले नंबर. मला नको दाखवूस, तूच बघ. शेवटी चार-चार-सात-एक, आपल्या आठांतला, आहे?

हरीश: आहे.

मयुरा: नुसता ब्लॉक, की रिपोर्टही केलास?

हरीश: दोन्ही एकाच बटणावर असतं.

मयुरा: म्हणजे ती लाल पट्टी आणखी पक्की करायला तूही हात लावलास. आणि त्या चारही ओळी तिच्या नावावर. असमाधानकारक.

हरीश: हे विक्रांत सरांना दाखवणार आहेस?

मयुरा: साडेपाचला भेटणार आहे त्यांना. तू ते पत्र माझ्यासमोर फाडलंस तर एकटी जाणार नाही, दोघं जाऊ. नंबर बदलायचं तूच सांग. मी तोंड उघडणार नाही.

हरीश: फाडून उपयोग नाही.

मयुरा: का?

हरीश: मेल गेलाय. दुपारी तीनला. सही मागाहून घेऊ, म्हटलं एचआरला.

मयुरा: म्हणजे तासभर सही मागत बसलास, ती नुसती फाइलला लावायला? आज घरून काम करतेय ती. वाचलं असेल एव्हाना. आणि मी तिला सकाळी सांगितलंय, मी आहे, काळजी करू नकोस. माझ्या जिभेची काय किंमत ठेवलीस तू? शरम वाटायला हवी, हरीश.

हरीश: मी बोलतो तिच्याशी. मेल मागे घेतो म्हणून सांगतो. आत्ताच.

मयुरा: सांग. मी इथंच उभी आहे.

(हरीश टेबलावरचा ऑफिसचा फोन स्पीकरवर लावतो. घंटी दोनदा वाजते आणि फोन पलीकडून कापला जातो. तो परत लावतो, परत तेच.)

हरीश: कापतेय.

मयुरा: टेबलावरच्या फोनची लाइनही तुझ्या त्याच कंपनीची. तिच्याही स्क्रीनवर लाल पट्टीच आली असेल. आणि स्पॅम लिहून आलं तर कोण उचलतं?

हरीश: मोबाईलवरून करतो.

मयुरा: तुझा नंबर तिच्याकडे नाही. चार वेळा लावलाय बिचारीनं, पण तो तुझा आहे हे तिला ठाऊक नाही; अनोळखी म्हणून तोही कापेल. हा घे माझा. लागलाय.

गिरिजा: हॅलो, मॅडम? मेल वाचला मी. मॅडम, तुम्ही सही केली नसणार, एवढं कळतंय मला.

हरीश: मयुरा नाही. मी हरीश बोलतोय. ऑपरेशन्समधून. गिरिजा, दोन मिनिटं वेळ आहे का? चूक माझ्याकडून झाली आहे, ते सांगायचं होतं.

गिरिजा: बोला की सर. मी नाही कापत.