तिघांची बैठक

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे अधीक्षक साहेब. व्यासपीठावरचे भांडारप्रमुख साहेब आणि यंत्रविभागाचे अभियंता साहेब. समोर बसलेल्या सगळ्या सिस्टर, मामा, मावशी, आणि ड्यूटी सोडून दारात उभं राहून ऐकणाऱ्यांनो, नमस्कार.

आत्ता माझ्याबद्दल इतकं गोड बोललं गेलं की मलाच वाटलं, ही बाई कोण? एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली एकोणीस नवजात बाळांच्या वॉर्डात. अधीक्षक साहेब म्हणाले, "सिस्टरांनी कधी तक्रार केली नाही." केली होती, साहेब. नऊ पत्रं आहेत, आवक क्रमांकासकट. असो.

चौदा महिन्यांपूर्वी आमच्या वॉर्डासाठी एक यंत्र आलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास देणारं. खोकं उतरलं तेव्हा मावशींनी टाळ्या वाजवल्या. पण नियम असा, की समितीच्या तिघांनी एकत्र बसून सह्या केल्याशिवाय ते उघडायचं नाही. आता तिघं एकत्र बसायचे कधी? एक साहेब बैठकीला, दुसरे रजेवर. ते आले की तिसरे प्रशिक्षणाला. एकदा दोघं आले, पंधरा मिनिटं घड्याळ बघितलं आणि गेले. 'उघडू नये' ही चिठ्ठी खोक्यावर मीच चिकटवली. माझं अक्षर सुरेख आहे, असं मघाशी कुणीतरी म्हणालं ना? तेच अक्षर.

खोकं व्हरांड्यात पडून राहिलं. बाकडी आपल्याकडे कमीच, त्यामुळे नातेवाईक त्यावर बसायला लागले.

चार महिन्यांपूर्वी एक आजी त्यावर बसल्या होत्या. आत त्यांच्या सुनेची सातव्या महिन्यातच जन्मलेली मुलगी. मोठ्या दवाखान्यात जागा होईना, म्हणून आम्ही पाळीपाळीने हाताने फुगा दाबून तिला श्वास देत होतो. मी पाणी प्यायला बाहेर आले, तर आजी म्हणाल्या, "सिस्टर, एवढं मोठं खोकं, काय आहे हो ह्यात?"

मी म्हटलं, "काही नाही आजी, सामान आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी गेली. आजींनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "खूप केलंस गं पोरी." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. यंत्र असतं तर ती वाचली असती का? माहीत नाही. तुमच्या शाल-श्रीफळाबरोबर हे 'माहीत नाही' पण मी घरी नेते आहे.

रागावू नका, आता संपवते. कार्यालयाने काल मला आणखी एक नियम कळवला. मागणी करणारी व्यक्ती निवृत्त झाली, की मागणी रद्द. मग नव्या सिस्टरने नवा अर्ज करायचा, पहिल्या पानापासून. मी पाच वाजता निवृत्त होते. आता साडेचार वाजलेत.

आणि काय योग आहे बघा! समितीचे तिघेही सदस्य आज एका रांगेत बसलेत. चौदा महिन्यांत जमलं नाही ते चहा-बिस्किटांवर जमलं. माझ्या निरोपाला वेळ काढलात, मनापासून आभारी आहे. फॉर्म पिशवीत आहे, पेनही आहे. खोकं कुठे आहे, असं विचारू नका. हॉलचं टेबल आठ महिन्यांपासून दुरुस्तीला गेलंय, म्हणून मामांनी सकाळी व्हरांड्यातून जे उचलून आणलं, त्यावरच ही पांढरी चादर घातली आहे. तुमचे कप त्याच्यावरच आहेत.

मावशी, कप उचला. मामा, चादर काढा.

सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आजींशी मी खोटं बोलले, तेवढं मात्र माफ करणं तुमच्या हातात नाही. साहेब, सही इथे करायची.